मांडीवरचा प्रवास

प्रसूतिगृहातून डिस्चार्ज मिळेपर्यंत बहुधा अकरा-साडेअकरा वाजतात. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या पोर्चमध्ये त्याच वेळेला मी जाऊन उभी राहिले. बिल भरून झालेलं, फाइल पिशवीत गेलेली. आधी आजी बाहेर येते. तिच्या हातात दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ, डोक्यावर टोपडं, गालावर तीट. मागून बाळाची आई, जपून पावलं टाकत. बाबा पार्किंगमधून गाडी घेऊन येतात, एसी बेताचा करतात, मागचं दार उघडतात. आजी आत बसते, बाळ तिच्या मांडीवर. सोडायला आलेली मावशी खिडकीशी वाकून सांगते, ‘सावकाश न्या हं.’ दार लागतं आणि गाडी गेटबाहेर पडून रहदारीत मिसळते.

त्या सकाळी तिथून निघालेल्या एकाही गाडीत बाळासाठी वेगळी सीट नव्हती. मागे बसलेल्या आजीनं किंवा आईनं स्वतःचा पट्टाही लावलेला नव्हता. या घरांमध्ये काळजीची कमतरता होती असं मुळीच नाही. पहिली लस कधी द्यायची, नाळ कोरडी कशी ठेवायची, बाळाला ऊन कुठल्या वेळचं द्यायचं, सगळं विचारून, लिहून घेतलेलं होतं. घरी जातानाच्या प्रवासाबद्दल मात्र त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला काही विचारलं नव्हतं.

‘मूल आणि शहर’ या यंदाच्या विषयावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मैदानं, बागा, फुटपाथ असं बरंच काही डोळ्यांपुढे आलं. पण शहरातल्या लहान मुलांचा किती तरी वेळ आता मोटारीत जातो. तिथे ती कशी बसतात, का तशी बसतात आणि कशी बसायला हवीत, ते पाहायचं मी ठरवलं. गॅरेजवाले, सीट कव्हरची दुकानं, टूरिस्ट गाड्यांचे चालक, नवे आईबाप आणि मुलांचे डॉक्टर यांच्याशी बोलताना एक गोष्ट पक्की होत गेली. आपल्या मायेची सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मांडी. चालत्या गाडीत मात्र तीच जागा सगळ्यात धोक्याची असते.

पट्टा हाडांवर बसतो

ताशी ५० किलोमीटर हा शहरातला साधा वेग. त्या वेगानं गाडी दर सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. समोर काही आदळलं की गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. आतली माणसं मात्र तेवढ्याच वेगानं पुढे जात राहतात, त्यांना काहीतरी अडवेपर्यंत. दहा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीशी पोचते तेव्हा तिचा वेग जवळपास इतकाच असतो. दहा किलोचं मूल त्या क्षणी धरून ठेवायचं, तर सरासरी १४० किलोचा भार पेलावा लागेल. सराव केलेल्या पहिलवानालाही बसल्या जागी, काही कल्पना नसताना ते जमणार नाही. बाळंतपणातून उठलेल्या आईची किंवा साठीच्या आजीची तर गोष्टच सोडा. एक्स्प्रेस-वेवर ताशी १०० चा वेग असेल, तर धडकेतली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

पट्ट्याचं काम माणसाला नुसतं डांबून ठेवण्याचं नसतं. थांबण्याचा धक्का शरीराच्या भक्कम भागांवर वाटून देणं हे त्याचं खरं काम. खांद्याचं हाड, छातीचा पिंजरा आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची कटीची हाडं हे ते भाग. पट्टा पोटावर आला, तर त्याच्यामागे हाड नसतं. तिथे आतडी, यकृत, प्लीहा असतात.

सगळ्यात जुना प्रकार फक्त कमरेच्या पट्ट्याचा, म्हणजे दोन बिंदूंचा. विमानात आजही तोच असतो आणि जुन्या गाड्यांमध्ये मागच्या सीटच्या मध्यभागी तोच सापडतो. धडकेत माणूस या पट्ट्यावर कमरेतून दुमडतो. डोकं समोर आदळतं आणि पट्टा वर सरकला असेल, तर पोटातले अवयव आणि पाठीचा मणका त्याच्याभोवती चिमटले जातात. पोटावर आडवा उमटलेला काळानिळा वळ दिसला, की अपघात विभागातले डॉक्टर आधी आतड्यांची आणि कण्याची तपासणी करतात.

आज आपण वापरतो तो तीन बिंदूंचा पट्टा स्वीडनच्या नील्स बोलिन यांचा. व्होल्वोत येण्याआधी ते साब कंपनीत लढाऊ विमानांच्या, वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करत. शरीर अचानक वेग घेतं किंवा अचानक थांबतं तेव्हा त्याचं काय होतं, हा त्यांचा रोजचा विषय होता. एक पट्टा खांद्यावरून तिरका, एक कमरेवरून आडवा, दोन्हींची गाठ कमरेच्या बाजूला खाली आणि एका हातानं लावता येईल असं बकल, अशी त्यांची रचना १९५९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांमध्ये आली. कंपनीनं हे पेटंट इतर उत्पादकांना खुलं केलं, म्हणून जगभरच्या गाड्यांमध्ये हाच पट्टा दिसतो.

या पट्ट्याची खरी हुशारी दाराच्या खांबात लपलेल्या रिळात असते. एका गॅरेजमध्ये खांबाचं प्लॅस्टिक काढून मेकॅनिकनं ते रीळ मला दाखवलं. पट्टा हळू ओढला, तर सरसर बाहेर येतो. झटका दिला, की जागच्या जागी अडकतो. रिळाखाली छोट्याशा वाटीत एक गोळी असते. गाडी जोरात थांबली किंवा कलली, की ती गोळी सरकून एक दांडी वर ढकलते आणि रिळाचे दाते अडकतात. चढावर उभ्या केलेल्या गाडीत कधी कधी पट्टा बाहेरच येत नाही, तो याच कारणानं. ‘पट्टा बिघडलाय’ अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजात येतात, तेव्हा तो आपलं काम चोख करत असतो. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये याच्या जोडीला आणखी दोन सोयी असतात. धडक बसताच बारीकसा स्फोट करून पट्ट्याची ढील खेचून घेणारी एक, आणि ताण फार वाढला तर पट्टा थोडा सैल सोडून छातीवरचा दाब आवरणारी दुसरी.

गरोदर स्त्रियांबद्दल इथेच सांगायला हवं, कारण ‘पोटावर दाब नको’ म्हणून पट्टा काढून बसलेल्या कितीतरी जणी मला भेटल्या. आडवा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या मुळाशी, कटीच्या हाडांवर आणि तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं, असा तो लावायचा. पोटातल्या बाळाचं रक्षण आईच्या रक्षणातूनच होतं.

मागच्या सीटवरची माणसं

४ सप्टेंबर २०२२ ची दुपार. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर एक महागडी मोटार आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल हे दोघं मागे बसले होते, ते गेले. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला धडक बसली, तेव्हा तेही मागच्या सीटवर होते. पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. महाराष्ट्राला हळहळ लावणारे हे दोन मृत्यू मागच्या सीटवरचे आहेत, याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

मागे बसणाऱ्यांना पट्टा सक्तीचा आहे, हे चारोटीनंतर अनेकांना पहिल्यांदा कळलं. नियम आधीपासून होता. मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची अंमलबजावणी करायचं जाहीर केलं, तेव्हा तो चर्चेत आला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसं रस्त्यांवर मरण पावली. त्यांतले ८,३३१ जण चालक नव्हते, सोबत बसलेले प्रवासी होते.

पुण्याच्या नाना पेठेतल्या एका सीट कव्हरच्या दुकानात बसून मी काम पाहत होते. कोरी गाडी, शोरूममधून थेट आलेली. कारागिरानं मागची बैठक उचलली, कव्हर ताणून घातलं, खालून हूक अडकवले. बकल येतात त्या जागी त्याला बोटानं चाचपून, कापून भोक करावं लागतं. पण ‘वर काही दिसायला नको, टोचतं,’ असं बरीच गिऱ्हाइकं सांगतात, म्हणून बकल तो आत दाबून टाकतो. बैठक परत बसली, की वरून सलग मऊ गादी दिसते आणि पट्टा लावायची जागाच उरत नाही. टूरिस्ट गाड्यांमध्ये हेच फार दिसतं. मागे पट्टा कुठे आहे, असं विचारल्यावर एका चालकानं सीटच्या फटीत हात घालून बकल बाहेर काढायचा प्रयत्न केला. फटीतून आधी शेंगदाण्याची टरफलं आणि एक पेनचं टोपण निघालं, बकल निघालं नाही. प्रवासी मागतच नाहीत, असं त्यानं सांगितलं. तेही खरंच आहे.

पट्टा न लावल्याचा ‘टिंग टिंग’ आवाज बंद करायला नुसत्या बकलच्या चकत्या विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढून टाकायला लावल्या. त्या चकत्या अजूनही काही गाड्यांत खोचलेल्या दिसतात.

मागचा माणूस पट्ट्याशिवाय बसला, तर तो स्वतःपुरता धोका पत्करतो असंही नाही. धडकेत तो पुढच्या सीटवर सगळ्या वजनानिशी जाऊन आदळतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासून २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मागचे लोक पट्टा लावत नसतील, तर पट्टा लावलेल्या पुढच्या माणसांच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात आढळलं. मागे आजी, तिच्या मांडीवर नात, दोघी मोकळ्या, असं चित्र समोर ठेवा. साठ किलोची आजी पुढे फेकली जाईल तेव्हा तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये नात असेल. आजीच्या पट्ट्याच्या आत नातीला घेतलं, तरी आजीचा भार आणि पट्टा यांच्यामध्ये तीच सापडेल.

मान धरल्यावरसुद्धा

तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरू लागलं, की घरातल्या बायका निर्धास्त होतात. तोवर त्याला उचलताना प्रत्येक जण मानेखाली तळहात देतो, नवख्या बाबाला तर दहा वेळा बजावलं जातं. ही समज पिढ्यान् पिढ्यांची आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. फरक इतकाच, की रोजच्या हालचालींसाठी मान धरली म्हणजे धडकेसाठी ती तयार झाली असं होत नाही.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसात तेच सातवा-आठवा हिस्सा भरतं. एवढं जड डोकं ज्या मानेवर तोललेलं असतं, तिचे मणके बऱ्याच अंशी अजून कूर्चेचे असतात, हाड पुरतं झालेलं नसतं. अशा बाळाला गाडीच्या दिशेला तोंड करून बसवलं आणि समोरून धडक बसली, तर पट्टे धड अडवतात, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. तेच बाळ पाठमोरं, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसलेलं असेल, तर डोकं, मान आणि पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबली जातात. बाळाला उचलताना मानेखाली जाणारा आपला तळहात जे करतो, तेच काम ती सीट पूर्ण शरीराला करते.

हा विचार पहिल्यांदा मांडणारे बेर्टिल अल्डमन हेही स्वीडनचेच, पेशानं डॉक्टर. अमेरिकेच्या जेमिनी यानात अंतराळवीर धक्का पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांनी १९६० च्या दशकात मुलांसाठी पाठमोरी सीट घडवली. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरी बसणं रूढ झालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये वयाची अट बाजूला ठेवली आणि त्या सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरंच बसवा, असा सल्ला दिला. युरोपच्या नव्या आर-१२९ नियमात पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र ‘त्याला समोरचं दिसत नाही, रडतो’ म्हणून सहाव्या-आठव्या महिन्यातच सीट फिरवली जाते. ‘पाय दुमडतात, दुखत असतील’ ही दुसरी शंका. मुलं मांडी घालून, पाय वर घेऊन आरामात बसतात. पाठमोऱ्या सीटमध्ये पाय मोडण्याची भीती मोठी नाही, मान वाचण्याचा फायदा मोठा आहे. मुलांच्या सीटमुळे अर्भकांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पुढची पायरी समोर तोंड असलेल्या सीटची. तिच्यात पाच बिंदूंचा पट्टा असतो. दोन खांद्यांवर, दोन कमरेवर आणि एक दोन्ही पायांच्या मधून. हा पाचवा पट्टा मूल खाली घसरू देत नाही. त्यानंतर बूस्टर. चार-पाच वर्षांच्या मुलाची कटीची हाडं अजून पट्टा अडवून धरण्याजोगी पुढे आलेली नसतात, त्यामुळे मोठ्यांचा पट्टा त्याच्या पोटावर चढतो आणि तिरका पट्टा गळ्याला लागतो. गळ्याला टोचतो म्हणून मूल तो काखेखालून घेतं किंवा पाठीमागे टाकतं. म्हणजे तीन बिंदूंचा पट्टा पुन्हा कमरेपुरता उरतो आणि जुने सगळे धोके परत येतात. बूस्टर मुलाला उंच करतो, म्हणजे पट्टा हाडांवर येतो. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत, म्हणजे बहुतेक मुलांच्या बाबतीत दहा-बारा वर्षांपर्यंत, तो लागतो. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ‘आता मोठा झालास’ म्हणून नुसत्या पट्ट्यात बसवणं घाईचं आहे.

टेनेसीतली मांडी

मांडीची माया आपल्यापुरती नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. मुलांसाठी सीट सक्तीची करणारा कायदा व्हावा म्हणून त्यांनी आमदारांच्या मागे लागून वर्षं घालवली. १९७८ च्या जानेवारीत तो अमलात आला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पण मंजुरीच्या वेळी त्यात एक सवलत घुसली होती. मोठ्या माणसानं मूल हातात धरलं असेल, तर सीट नसली तरी चालेल. सँडर्स तिला मूल चिरडणारी दुरुस्ती म्हणत. ती काढून टाकायला १९८१ उजाडावं लागलं. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले होते.

आज तिथे बाळाची सीट गाडीत आहे का, हे बहुतेक रुग्णालयं घरी सोडण्याआधी पाहतात. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या आज्या आपल्या शहरांत गल्लोगल्ली आहेत. अशा एका आजींशी कोथरूडमध्ये बोलले. तिकडे नातवाला दहा मिनिटांच्या अंतरावरही सीटशिवाय नेलं नव्हतं. तो रडायचा तेव्हा त्या मागे शेजारी बसून गाणी म्हणायच्या, पण पट्टा सोडायचा नाही, हे त्यांना मुलीनं सांगून ठेवलं होतं. इकडे पुण्यात मुलाचं मूल मात्र त्या मांडीवर घेऊन फिरतात. कारण विचारलं, तर इकडे गाड्या हळू चालतात, असं त्या म्हणाल्या. ताशी तीसच्या वेगालाही मोकळं बाळ समोर आदळतंच, हे त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला.

सीट बसवताना

मुलांच्या सीटची किंमत काही हजारांपासून सुरू होते आणि बरीच वर जाते. दुकानात गेल्यावर रंग, कापड, कप ठेवायची जागा यांवर जास्त बोलणं होतं. पाहायची गोष्ट म्हणजे सीटला चिकटवलेलं प्रमाणपत्राचं लेबल. त्यावर गोलात ‘ई’ हे अक्षर, पुढे आकडा आणि आर-४४ किंवा आर-१२९ असा नियमाचा क्रमांक असतो. भारतीय मानकाचं नाव एआयएस-०७२. आर-४४ मध्ये सीट मुलाच्या वजनावरून निवडतात, आर-१२९ मध्ये मुख्यतः उंचीवरून. नव्या नियमात बाजूनं बसणाऱ्या धडकेची चाचणीही आहे.

बसवण्याच्या दोन पद्धती. गाडीत आयसोफिक्स असेल, तर बैठक आणि पाठ यांच्या फटीत दोन पोलादी कड्या असतात. सीटचे दोन हात त्यांच्यात ‘खट’ आवाज करून अडकतात आणि खूण हिरवी होते. तिसरा आधार वरच्या पट्ट्याचा किंवा खाली जमिनीवर टेकणाऱ्या पायाचा. तो विसरला तर सीट पुढे कलंडते. आयसोफिक्स नसेल, तर गाडीच्याच पट्ट्यानं सीट बांधतात. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन वर्षांच्या मुलीचे बाबा अशीच सीट बसवत होते. सीटच्या कडेला निळ्या आणि लाल खुणा असतात. पाठमोरी बसवायची तर पट्टा निळ्या खुणांमधून, समोर तोंड करायचं तर लाल खुणांमधून. त्यांनी पट्टा लाल-निळा असा मिसळून घातला होता आणि सीट हातभर डुलत होती. माहितीपुस्तिका उघडून पुन्हा घातला, गुडघा सीटमध्ये रोवून, भार देऊन पट्टा खेचला. मग पट्टा जातो त्या जागी धरून हलवलं, तर सीट बोटभरही हलेना. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली, तर ती सैल समजायची.

मुलाचे पट्टेही तसेच. खांद्यावर पट्टा बोटांच्या चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या बरोबर किंवा थोडे खालून निघावेत, समोर तोंड असेल तर बरोबर किंवा थोडे वरून. इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या दोन्ही पायांमधून पट्टा जाऊच शकत नाही. म्हणून आधी साध्या कपड्यांत बाळाला बसवून पट्टे लावायचे, मग वरून दुपटं पांघरायचं. मागून जाड टोपडं असेल तर डोकं पुढे झुकतं आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून तेही काढायचं. नवजात बाळाची सीट साधारण ४५ अंशांत कललेली हवी. लांबच्या प्रवासात मधे मधे थांबून बाळाला बाहेर काढायचं. दूध पाजायचं तर गाडी थांबवूनच. खालापूरच्या फूड मॉलवर पंधरा मिनिटं जास्त लागली तर लागली.

एक चूक मात्र कधीच करायची नाही. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना तिथे पाठमोरी सीट ठेवायची नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि तो तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो. मुलांची जागा मागेच.

जुनी सीट घेताना तिचा इतिहास माहीत हवा. मोठ्या अपघातातून गेलेली सीट वरून ठीक दिसली, तरी आतून तडकलेली असू शकते.

कायदा कागदावर, मूल रस्त्यावर

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्यानं किंवा योग्य त्या सीटनं सुरक्षित केलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलांसाठी हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असे नियम २०२३ पासून लागू आहेत. नियम चांगले आहेत. पण मूल मांडीवर घेतल्याबद्दल कुणाची गाडी अडवली, असं माझ्याशी बोललेल्या पालकांपैकी कुणालाच आठवत नव्हतं. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची संख्या ९,५२८ होती. म्हणजे रोज सव्वीस.

गाड्यांच्या बाबतीत मात्र खरी प्रगती झाली आहे. २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय गाड्यांना ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत शून्य तारे मिळाले होते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तिचं काम पुण्यातल्या भोसरीच्या सीआयआरटी संस्थेकडे आहे. त्यात मोठ्यांच्या सुरक्षेचे तारे वेगळे, मुलांचे वेगळे. मुलांसाठी ४९ गुण असतात. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे सीटमध्ये बसवून गाडी धडकवतात आणि डोक्याला, मानेला, छातीला काय झालं ते मोजतात. सीट गाडीत नीट बसवता येते का, यालाही गुण आहेत. गाडी घेताना लोक तारे विचारतात, ते मोठ्यांचे. मुलांचे तारे वेगळे विचारायला हवेत आणि कोणती सीट वापरून ते मिळाले, हेही.

पण टॅक्सीत, लग्नाच्या गाडीत, शाळेच्या व्हॅनमध्ये काय? शाळेच्या व्हॅनमध्ये सीटपेक्षा मुलं जास्त, दप्तरं मांडीवर, काही व्हॅनमध्ये तर आडव्या बाकांवर बसलेली, पट्टा नाही. इथे एकट्या पालकाचं चालत नाही. शाळेच्या पालक सभेत व्हॅनमध्ये प्रत्येक मुलाला समोर तोंड असलेली सीट आणि पट्टा, अशी मागणी सगळ्यांनी मिळून केली, तर चालकाला ती मान्य करावी लागते, कारण गिऱ्हाईक तेच आहे.

सवय कुठे लागते

बहुतेक पालकांची तक्रार एकच. मूल सीटमध्ये बसत नाही, आकांत करतं. ज्या घरांमध्ये बाळ पहिल्या दिवसापासून सीटमध्ये बसलं, तिथे ही तक्रार कमी ऐकू आली. मांडीवर, मग पुढे बाबांच्या शेजारी, मग दोन सीटच्या मधे उभं राहून प्रवास केलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी अचानक बांधलं, तर ते भांडणारच. ज्यांनी महिनाभर धीर धरला, प्रत्येक वेळी गाडी थांबवली आणि पट्टा लागल्याशिवाय निघालेच नाहीत, त्यांच्या घरात हा प्रश्न सुटला.

सुरुवात पहिल्या प्रवासापासून व्हायची असेल, तर सीट बाळाच्या आधी घरात यायला हवी. बारशाला वाळे, झबली, चांदीची वाटी येते, ते ठीकच आहे. पण बारशापर्यंत बाळाचा पहिला प्रवास होऊन गेलेला असतो. डोहाळजेवणाला मावश्या, आत्या, काका मिळून पाठमोऱ्या सीटचे पैसे काढू शकतात. ती बसवायचा सराव बाबांनी आठव्या महिन्यातच करावा. प्रसूतिगृहांनीही डिस्चार्जच्या फाइलमध्ये लसीकरणाच्या तक्त्याशेजारी प्रवासाचा एक कागद घालावा. त्याला कुठल्याही सरकारी आदेशाची गरज नाही. मुलांच्या डॉक्टरांनी प्रत्येक लशीच्या वेळी, वजन-उंची नोंदवताना, ‘गाडीत कसं बसवता?’ एवढं विचारलं, तरी किती तरी घरांत बदल घडेल.

ज्यांना सीट आज परवडत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. मूल मागच्या सीटवर ठेवणं, स्वतःचा पट्टा लावणं, कव्हरखाली दाबलेली बकलं बाहेर काढणं आणि वेग आवरणं हे आजच करता येतं. सीटचे पैसे जमतील तेव्हा मोबाइल, टीव्ही, गाडीच्या चाकांचे चकचकीत कॅप यांच्याआधी ती घ्यायची.

दिवाळीच्या सुट्टीत शहरातल्या हजारो गाड्या गावाकडे निघतात. मागे फराळाचे डबे, मांडीवर मुलं. यंदा निघताना मागे वळून प्रत्येकाच्या कमरेकडे बघावं. आजीचं बकल, आईचं बकल, मुलाच्या सीटचे पट्टे. सगळी बकलं लागेपर्यंत गाडी सुरू करायची नाही, हा नियम घरात एकानं लावला, की बाकीचे दोन-तीन प्रवासांत तो पाळू लागतात. त्याला एक रुपया लागत नाही आणि त्यासाठी कायद्याची वाटही बघावी लागत नाही.